बोलक्या प्राण्यांचे निवांत ॲनिमे बघायचेत? मग सुरुवात अशी करा

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, म्हटलं की आपल्याकडं बहुतेकांच्या डोळ्यापुढं दोनच गोष्टी येतात, एक तर लहानपणी टीव्हीवर हिंदीतनं बघितलेला डोरेमॉन, नाहीतर मग तलवारी, राक्षस आणि एपिसोडमागून एपिसोड चालणारी मारामारी. या दोन्हीच्या मधे एक मोठा निवांत प्रांत आहे आणि नवीन माणूस तिकडं सहसा वळतच नाही, कारण तिकडं काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तिथं पांढरं अस्वल कॅफे चालवतं, पांडा पार्टटाइम नोकरीला जातो, एक ऐटबाज पक्षी बाजारातल्या दुकानात मुक्काम ठोकतो आणि खाऊन खाऊन एवढा जाड होतो की त्याला उडता येत नाही, आणि आजूबाजूची माणसं या सगळ्यांशी अगदी शेजारच्या काकांशी बोलावं तशी बोलतात.

दिवसभर ट्रॅफिक, मीटिंग, फोन यात डोकं पिकलेलं असतं आणि रात्री जेवण झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं काहीतरी बघायचंय, पण खून नको, रडारड नको, 'आता पुढं काय होणार' ची धडधड नको, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला हे ॲनिमे मनापासून आवडतात, आणि माझं म्हणणं असं आहे की हे मारामारीच्या ॲनिमेसारखे बघायला गेलं की बोअर वाटतात आणि लोक दुसऱ्या एपिसोडलाच सोडून देतात, म्हणून काय बघायचं याच्याइतकंच कसं बघायचं हेही सांगतो.

१. तात्पर्य शोधायचं बंद करा

आपण प्राणी बोलताना ऐकलेत ते पंचतंत्रात आणि इसापनीतीत. तिथला कोल्हा, सिंह, ससा, कावळा तोंड उघडतो तो आपल्याला काहीतरी शिकवायला, आणि गोष्ट संपली की खाली तात्पर्य ठरलेलं. ती सवय घेऊन बसलात तर एपिसोड संपल्यावर वाटणार, बरं मग, यातनं घ्यायचं काय? तर काही घ्यायचं नाहीये. पांडाला काम नकोय कारण त्याला लोळायला आवडतं, आणि पुढं नोकरी लागली तरी त्याला लोळायलाच आवडतं, कुणी त्याला सुधारायला जात नाही. मला तर हीच गोष्ट सगळ्यात जास्त भावते. तुम्हाला जुळवून घ्यायचंच असेल तर काऊ-चिऊची गोष्ट आठवा, बाहेर काऊ पावसात भिजतोय आणि चिऊताई आतनं सांगतेय, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते. चिमणीकडं तीट आली कुठून असा प्रश्न आपल्याला लहानपणी कधी पडला नाही. तसंच बसायचं.

आणि ही सवय तुम्हाला आहेच, विसरलात एवढंच. डोरेमॉन नोबिताच्या घरात राहतो, आई त्याला जेवायला वाढते, तो रस्त्यानं चालत जाऊन दोरायाकी, म्हणजे त्याचे लाडके गोड केक, घेऊन येतो, आणि निळं मांजर बोलतंय म्हणून शेजारपाजारचं कुणी ओरडत नाही. या प्रकारातली सगळी गंमत यातच आहे, की कुणालाच नवल वाटत नाही. कुणी बेशुद्ध पडत नाही, सरकारी शास्त्रज्ञ पकडायला येत नाहीत, बोलणारा प्राणी म्हणजे मोठं रहस्य वगैरे भानगड नाही. अस्वल आहे, त्याचं कॅफे आहे, कॉफी चांगली मिळते, विषय संपला.

असा निवांत, मनाला आराम देणारा जो प्रकार आहे त्याला जपानीत 'इयाशिकेई' म्हणतात. सर्च करताना हा शब्द टाकलात तर बरंच काही सापडेल, पण त्यात प्राणी नसलेलेही खूप येतात, त्यामुळे आधी खाली सांगतो तिथून सुरू करा.

२. पहिला ॲनिमे: 'शिरोकुमा कॅफे'

दुसरा कुठलाही विचार न करता यापासून सुरू करा. 'पोलर बेअर कॅफे' या इंग्रजी नावानेही सापडतो. हिगा आलोहा यांचा मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, शोगाकुकान प्रकाशनाच्या 'फ्लॉवर्स' मासिकात यायचा आणि त्यावरून स्टुडिओ पिएरोने हा ॲनिमे केला, तोच स्टुडिओ ज्याने 'नारुतो' केला. टीव्ही तोक्योवर ५ एप्रिल २०१२ पासून २८ मार्च २०१३ पर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी लागायचा, एकूण ५० एपिसोड. आकडा बघून घाबरू नका, त्याचं काय करायचं ते पुढं सांगतो.

गोष्ट सांगायची तर दोन ओळींत होते. पांडा-कुन (कुन, सान हे जपानीत नावापुढं लावतात, आपल्या राव, जी सारखं) घरी नुसता लोळत असतो, आई म्हणते काहीतरी काम बघ, तो काम शोधत शोधत शिरोकुमा-सानच्या म्हणजे पांढऱ्या अस्वलाच्या कॅफेत पोचतो. कॅफेतली नोकरी मिळते सासाको नावाच्या मुलीला, आणि पांडाला मिळते प्राणिसंग्रहालयात. काम काय, तर पांडा म्हणून बसायचं. म्हणजे हा बाबा शिफ्टला जातो, पिंजऱ्यात बसून बांबू खातो, लोक फोटो काढतात, आणि ड्युटी संपली की निघतो आणि कॅफेत येऊन गप्पा मारतो. तिथं आधीपासून एक फुलटाइम पांडा आहे जो हेच काम अगदी मन लावून, जबाबदारीने करतो. पार्टटाइम आणि पर्मनंट यातला फरक ज्याने ज्याने ऑफिसात बघितलाय त्याला हे बघताना जाम हसू येणार.

नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे पेंग्विन-सान, जो काउंटरवर बसून सारखा वैतागत असतो. तो एम्परर पेंग्विन आहे, म्हणजे अंटार्क्टिकाचा, आणि पांढरं अस्वल आर्क्टिकचं, खऱ्या जगात पृथ्वीच्या दोन टोकांना राहणारे हे दोघं इथं काउंटरच्या दोन बाजूंना बसतात. पेंग्विनचा बेकरीतल्या पेन्को-सानवर जीव जडतो, आणि तिला अगदी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बहिणी आहेत, सगळ्या मिळून सात, बाकी तुम्हीच बघा. ग्रिझली हा शिरोकुमाचा लहानपणापासूनचा दोस्त, तो बार चालवतो, दिसायला रांगडा पण मनाने एकदम मऊ. लामा-सानचं दुःख वेगळंच, प्राणिसंग्रहालयात त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि त्याची ती खटपट बघताना हसूही येतं आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटतं. शिवाय स्लॉथ आहे, ज्याला कुठंही पोचायला एवढा वेळ लागतो की तोवर कार्यक्रम संपलेला असतो.

माणसंही आहेत. सासाको आहे, पांडाचा कीपर हान्दा-सान आहे जो सासाकोवर लाइन मारायचा प्रयत्न करतो आणि त्याला ते काही जमत नाही, आणि हायाशी रिन-रिन म्हणून एक जण आहे ज्याला पांडाचं अक्षरशः वेड आहे. तो पांडाला बघून जे काही करतो ते बघाच.

चित्रं कशी आहेत हेही सांगितलं पाहिजे. इथले प्राणी मोठे डोळे, गुलाबी गाल असे खेळण्यासारखे काढलेले नाहीत, बऱ्यापैकी खऱ्या प्राण्यांसारखे आहेत. शिरोकुमा म्हणजे खरोखरचं अवाढव्य अस्वल आहे, तेवढ्याच मोठ्या पंजाने तो कप धरतो, अलगद कॉफी ओततो, आणि एवढं मोठं जनावर एवढं हळुवार वागताना बघूनच अर्धा थकवा जातो.

३. मारामारीचे ॲनिमे बघणाऱ्यांसाठी एक आमिष

तुमच्या घरात कुणी 'जुजुत्सु काइसेन', 'ॲटॅक ऑन टायटन' वाले असतील आणि ते अस्वल-पांडा बघून नाक मुरडत असतील तर त्यांना एवढंच सांगा की आवाज ऐक. पेंग्विनचा आवाज हिरोशी कामिया यांचा, म्हणजे 'टायटन'मधल्या लीवायचा. ग्रिझलीचा युइची नाकामुरा यांचा, म्हणजे 'जुजुत्सु'मधल्या गोजोचा. शिरोकुमाचा ताकाहिरो साकुराई यांचा, जे 'डीमन स्लेयर'मधे गियु आहेत. पांडाचा जुन फुकुयामा यांचा, म्हणजे 'कोड गिआस'चा लेलूश, आणि दुर्लक्षित लामा म्हणजे दाइसुके ओनो, 'टायटन'मधला एर्विन कमांडर. जपानमधले एवढे तगडे आवाज एका कॅफेत बसून बांबूवर आणि कॉफीवर चर्चा करतायत. शेवटची गाणीही बदलत राहतात आणि ती हेच कलाकार त्या त्या प्राण्याच्या आवाजात गातात, त्यामुळे एपिसोड संपला की लगेच स्किप करू नका.

म्हणूनच जपानी आवाजातच बघा, खाली इंग्रजी सबटायटल लावून. हिंदी डब शोधत बसू नका. जपानबाहेर हा क्रंचीरोल या ॲनिमेच्या स्ट्रीमिंग ॲपवर आला होता, पण कुठला ॲनिमे कुठल्या देशात कधी चालू आणि कधी बंद हे हक्कांवर ठरतं आणि ते बदलत राहतं, त्यामुळे सबस्क्रिप्शनचे पैसे भरायच्या आधी ॲपमधे नाव टाकून तुमच्याकडं दिसतोय का ते बघून घ्या. पुण्यात दिसणारा शो दुबईत किंवा न्यू जर्सीत दिसेलच असं नाही आणि उलटंही.

४. कोट्या आल्या की काय करायचं

नवीन माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तो इथं, त्यामुळे हे जरा नीट वाचा.

शिरोकुमाला कोट्या करायचं व्यसन आहे. समोरच्याने एक शब्द उच्चारला की तो त्याच्यासारखा ऐकू येणारा दुसरा शब्द काढतो, मग तिसरा, मग चौथा, आणि पेंग्विन दरवेळी ओरडतो की ते नाही, ते नाही! सबटायटल लिहिणारा बिचारा काय करणार, जपानी कोटी इंग्रजीत येतच नाही, त्यामुळे खाली काहीतरी विचित्र वाक्य दिसतं आणि तुम्हाला वाटतं की आपल्याला कळलं नाही. उदाहरण द्यायचं तर 'इरुका' म्हणजे डॉल्फिन आणि 'इरु का' म्हणजे 'आहे का', ही तिकडची शाळेतल्या पोरांनाही पाठ असलेली कोटी, इंग्रजीत हिचं काहीच होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. शिरोकुमाने कोटी सुरू केली की सबटायटल वाचणं सोडा आणि स्क्रीनकडं बघा, कारण तो ज्या ज्या शब्दावर घसरतो ती वस्तू बहुतेक वेळा तिथंच हजर करतो, त्यामुळे काय चाललंय ते डोळ्यांना कळतं. आणि कान पेंग्विनच्या आवाजाकडं ठेवा. गंमत कोटीत जेवढी आहे त्याच्या दुप्पट पेंग्विनच्या वैतागण्यात आहे, पहिल्यांदा तो समजावून सांगतो, दुसऱ्यांदा चिडतो, चौथ्या-पाचव्याला त्याचा आवाज फाटतो, आणि शिरोकुमाचा चेहरा मात्र सुरुवातीला होता तसाच.

ही जोडी जपानी लोकांना नवीन नाही. ओसाकाकडं मानझाई म्हणून दोघांचा विनोदी कार्यक्रम असतो, त्यात एक जण वेड पांघरून काहीतरी भलतंच बोलणारा, त्याला बोके म्हणतात, आणि दुसरा त्याला झापणारा, तो त्सुक्कोमी. शिरोकुमा बोके, पेंग्विन त्सुक्कोमी, आणि पांडा मधे बसून आपला बांबू खातोय. आपल्याला हे समजायला अवघड नाही, तमाशातली बतावणी ज्यांनी ऐकलीय त्यांना सोंगाड्या मुद्दाम शब्दाचा उलटा अर्थ घेऊन समोरच्याला कसा जेरीस आणतो ते माहितीये. मराठी माणसाला कोटीचं वावडं कधीच नव्हतं, त्यामुळे एकदा ही लय पकडली की दहाव्या एपिसोडपर्यंत तुम्ही पुढची कोटी यायच्या आधीच हसायला लागाल.

५. दिवसाला एक, बास

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे असं मला वाटतं. हे ॲनिमे एका बैठकीत दहा बघायचे नसतात. शनिवारी बसलात आणि आठ एपिसोड सलग लावले तर चौथ्यापासून सगळं सारखंच वाटायला लागेल, तेच कॅफे, तेच काउंटर, तेच गिऱ्हाईक, आणि तुम्ही म्हणाल यात काही घडतच नाही. घडत नाहीच. मुळात टीव्हीवर हा आठवड्याला एक असा यायचा, लोक संध्याकाळी तेवढा बघायचे आणि पुढच्या गुरुवारपर्यंत विसरून जायचे, आणि लिहिणाऱ्यांनी तो तसाच लिहिलाय.

एका एपिसोडमधे साधारण दोन वेगळ्या छोट्या गोष्टी असतात, मधे ब्रेक. त्यामुळे खूपच दमला असाल तर एकच गोष्ट बघून, म्हणजे दहा-बारा मिनिटांत बंद केलंत तरी काही बिघडत नाही, उद्या उरलेली बघा. काय झालं होतं हे आठवायची गरजच पडत नाही.

दीडपट वेगाने बघू नका. हे कळकळीने सांगतोय. यातल्या विनोदाचा निम्मा भाग थांबण्यात आहे, कुणीतरी काहीतरी बोललं, मग सगळे दोन सेकंद गप्प, कपाचा आवाज, आणि मग पेंग्विनचं एक वाक्य. वेग वाढवला की ते दोन सेकंद उडतात आणि उरतं ते नुसतं बोलणं. तसंच हातात मोबाइल घेऊन बघू नका, कारण मागच्या टेबलावर कुठला प्राणी बसलाय, काय खातोय, यात खूप गमती दडवलेल्या असतात आणि त्याकडं कुणी तुमचं लक्ष वेधत नाही.

आणखी एक, ज्यांना सोसेल त्यांनी करून बघा. हा शो एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपला, आणि एप्रिल म्हणजे जपानात नवीन शाळा, नवीन नोकरी, नवीन आर्थिक वर्ष, शिवाय चेरी फुललेली. पांडा नोकरी शोधायला निघतो ते या दिवसांत. मग एपिसोड ऋतूंबरोबर पुढं सरकतात, फुलं बघायला जाणं, उन्हाळा, थंडी, नवीन वर्ष. आठवड्याला एक या हिशोबाने वर्षभर बघितलात तर त्या प्राण्यांचं वर्ष आणि तुमचं वर्ष बरोबरीने चालतं. आपला उन्हाळा आणि त्यांचा उन्हाळा जुळत नाही हे खरं, पण तरी मजा येते.

६. घरच्यांना घेऊन बसायचं असेल तर

लहान मुलं असतील आणि त्यांना सबटायटल वाचता येत नसतील तर तुम्ही वाचून दाखवा, पण इंग्रजी वाचून मग अर्थ सांगू नका, सरळ मराठीत बोला, आवाज बदलून. पांडाला आळशी आवाज द्या, पेंग्विनला चिडका. आणि कोटी आली की भाषांतराच्या फंदात पडू नका, तिथं आपली एखादी मराठी कोटी घुसवा, शिरोकुमाला नक्की चालेल. आजी-आजोबा बसले असतील तर तेही थोड्या वेळात रमतात असा माझा अनुभव आहे, कारण यात त्यांना कळणार नाही असं काहीच नाही, नोकरी, पगार, शेजारी, कुणाचं तरी लग्न जमत नाहीये, सगळं ओळखीचं. ग्रिझलीचा बार आहे, त्यात प्राणी दारू पितात, तेवढं आईवडिलांनी लक्षात ठेवावं, बाकी शिव्या, मारामारी असं काही नाही.

मुंबईकडच्या पोरांसाठी एक जोडकाम सांगतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून पेंग्विन आणले, २०१७ पासून ते लोकांना बघता येतात. ते हम्बोल्ट जातीचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, जेमतेम दोन सव्वादोन फूट उंच. आपला पेंग्विन-सान एम्परर, ते चांगले साडेतीन-चार फुटांचे होतात. आधी ॲनिमे बघून मग पोरांना तिथं घेऊन जा आणि फरक शोधायला सांगा, काचेपुढून पोरं हलणार नाहीत. आणि तिथून निघताना एखादं तरी पोर विचारणारच की यांची ड्युटी किती वाजता संपते.

७. फसवी पोस्टर ओळखा

शिरोकुमाने गोडी लागली की तुम्ही पोस्टरवर प्राणी दिसला की लावायला लागाल, तिथं जरा सांभाळा. 'बीस्टार्स' मधे शाळेत शिकणारे लांडगे, ससे, हरणं आहेत, पण गोष्टीची सुरुवातच एका खुनाने होते. 'ऑड टॅक्सी' मधे टॅक्सी चालवणारा वॉलरस आहे आणि बघायला एकदम निवांत वाटतो, पण ती बेपत्ता मुलीची रहस्यकथा आहे. दोन्ही भारी आहेत, मला दोन्ही आवडतात, पण झोपायच्या आधी डोकं शांत करायला त्यांचा उपयोग नाही. आणि दोन्हीत दिसतात ते सगळे प्राणीच, त्यामुळे माणसांच्या गर्दीत एक अस्वल बसलंय ही गंमतही तिथं मिळत नाही.

'कुमा मिको' बद्दल लोक वेगवेगळं सांगतील, म्हणून स्पष्ट लिहितो. उत्तर जपानच्या तोहोकू भागातल्या डोंगराळ गावातली माची नावाची मुलगी आणि तिच्याबरोबर वाढलेलं नात्सु नावाचं बोलणारं अस्वल, जे शहरातल्या गोष्टी आणि मशिनं तिच्यापेक्षा जास्त जाणतं. कल्पना सुंदर आहे आणि सुरुवातीचे काही प्रसंग खूप हसवतात. पण पहिल्याच एपिसोडात काही विनोद लहान मुलांसमोर बघण्यासारखे नाहीत, आणि पुढं पुढं माचीच्या लाजाळूपणावर, भीतीवर एवढा विनोद केलाय की तो खुपायला लागतो, १२ व्या एपिसोडचा शेवट तर चाहत्यांना अजिबात रुचला नाही. बघायचाच असेल तर अधलेमधले एपिसोड बघा, शेवट सोडून द्या.

८. यानंतर काय

वेळ खूपच कमी असेल तर 'चीज स्वीट होम'. २००८ चा, १०४ एपिसोड, पण एकेक जेमतेम तीन मिनिटांचा. चुकलेलं मांजराचं पिल्लू एका छोट्या कुटुंबात येतं, आणि त्या बिल्डिंगमधे प्राणी पाळायला बंदी आहे. पिल्लू बोबडं बोलतं ते आपल्याला ऐकू येतं, घरच्यांना फक्त म्याव. गंमत म्हणजे याचे दिग्दर्शक मित्सुयुकी मासुहारा, आणि 'शिरोकुमा कॅफे'चेही तेच, त्यामुळे तो संथपणा लगेच ओळखू येतो. भांडी घासायच्या आधी एक, घासून झाल्यावर एक, असं चालतं.

निसर्ग, खेडं, शांतता हवी असेल तर 'फ्लाइंग विच', २०१६ चा, १२ एपिसोड. माकोतो नावाची पंधरा वर्षांची चेटकीण योकोहामाहून आओमोरी भागातल्या हिरोसाकीला नातेवाइकांकडं राहायला येते, सोबत चितो हे काळं मांजर. हे मांजर शिरोकुमासारखं सगळ्यांशी गप्पा मारत नाही, पण माकोतोला त्याचं सगळं कळतं आणि दोघांचं बोलणं चालूच असतं. आओमोरी म्हणजे जपानची सफरचंदांची राजधानी, त्यामुळे बागा, भाज्या, वसंतातला गारवा हे सगळं भरभरून आहे. यात विनोद कमी आणि हवा जास्त, पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी लावा.

आणि शिरोकुमानंतर माझ्या मते ज्याचा नंबर लागतो तो 'तामाको मार्केट'. क्योतो ॲनिमेशनचा, २०१३ चा, दिग्दर्शन नाओको यामादा यांचं, ज्यांनी 'के-ऑन!' आणि 'अ सायलेंट व्हॉइस' केलं. १२ एपिसोड. जुनी छताखालची बाजारपेठ आहे, क्योतोमधल्या देमाची मासुगाता या खऱ्या बाजारावरून काढलेली, फूलवाला, मासेवाला, कॉफीवाला, आणि त्यात तामाको या शाळकरी मुलीच्या घरचं मोचीचं, म्हणजे तांदळाच्या मऊ जपानी मिठाईचं, दुकान. समोरच दुसरं मोचीचं दुकान, दोन्ही बापांचं एकमेकांशी पटत नाही, आणि त्या दुकानातला मोचिझो रात्री खिडकीतनं कागदी कपाच्या फोनवर तामाकोशी बोलतो. वर्षाच्या अखेरीला, म्हणजे दुकानातल्या सगळ्यात धावपळीच्या दिवसांत, डेरा नावाचा बोलणारा पक्षी टपकतो. तो दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरच्या राजपुत्रासाठी बायको शोधायला निघालाय, स्वतःला फार मोठा समजतो, आणि मोची खाऊन त्याचं पोट सुटतं. बाजारातल्या लोकांनी त्याला ज्या सहजतेने आपलंसं केलंय ते बघण्यासाठी तरी हा बघाच, पहिल्या दिवशी थोडी कुजबुज आणि दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीतलाच एक. दादर, गिरगाव किंवा पुण्यातल्या पेठांमधे जे वाढलेत त्यांना असा बाजार परका वाटणार नाही.

हा बघताना डेराकडं दोन-तीन एपिसोड जरा दुर्लक्ष करा, सुरुवातीला तो डोक्यात जातो, त्याची फुशारकी जास्त होते. चौथ्यापर्यंत तो सुसह्य होतो आणि मग आवडायला लागतो. तामाकोची आई नाहीये आणि ते दुःख कुठं कुठं हलकेच वर येतं, पण कुणी त्याचं भांडवल करत नाही.

यानंतर २०१४ ला 'तामाको लव्ह स्टोरी' हा सिनेमा आला. तो मालिकेआधी चुकूनही बघू नका, कारण तामाको आणि मोचिझोचं काय होतं ते त्यात आहे आणि आधीचे १२ एपिसोड मनात मुरलेले असतील तरच ते पोचतं. तो मोठा होण्याबद्दलचा, बराच गंभीर सिनेमा आहे, त्यात पक्ष्याला जवळपास जागा नाही. डेरासाठी म्हणून त्या सिनेमाच्या आधी त्याच्या बेटावरची एक छोटीशी फिल्म जोडलेली होती, ती कुठं मिळाली तर आधी ती बघा आणि मग सिनेमा लावा.